सोडतीची साक्ष

सभागृह पालकांनी भरलेले आहे. प्रत्येकाच्या हातात क्रमांक लिहिलेला कागद. मंचावर जाळीच्या पिंजऱ्यात चेंडू गरगर फिरत आहेत. एक चेंडू घरंगळत बाहेर येतो, त्यावरचा क्रमांक पुकारला जातो, एखादी आई ओरडून उभी राहते आणि बाकीचे आपापल्या कागदाकडे पुन्हा एकदा पाहतात. बक्षीस मोटारीचे किंवा रोख रकमेचे नाही. बक्षीस आहे शाळेतला प्रवेश, आणि तीही सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी शाळा.

'वेटिंग फॉर सुपरमॅन' या अमेरिकी माहितीपटातला हा प्रसंग. २०१० साली हा पट आला आणि तिथे शाळांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याविषयी काही ना काही बोलावे लागले. दिग्दर्शक डेव्हिस गुगेनहाइम. हवामानबदलावरचा 'ॲन इनकन्व्हीनियंट ट्रुथ' (२००६) त्यांचाच. आलेख आणि आकडे पडद्यावर आणून प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवणाऱ्या या माणसाकडून शाळांच्या बाबतीतही तशीच अपेक्षा होती. ती निम्मीच पुरी होते असे आमचे मत आहे. उरलेली निम्मी का पुरी होत नाही हे पाहू गेले, तर शाळेचे यश मोजायचे कसे याविषयी पुष्कळ काही हाती लागते. इतक्या वर्षांनी या पटाकडे वळण्याचे कारण एवढेच.

पटात पाच मुले आहेत. चौघे गरीब वस्त्यांतले, पाचवी मुलगी खाऊनपिऊन सुखी उपनगरातली. पाचही जण निरनिराळ्या ठिकाणी चार्टर शाळेसाठी अर्ज करतात आणि पाचही जणांचे भवितव्य सोडतीवर येऊन थांबते. पटाचे नाव आले आहे ते हार्लेममध्ये शाळा चालवणाऱ्या जेफ्री कॅनडा यांच्या एका आठवणीवरून. सुपरमॅन खरा नसतो असे आईने सांगितले तेव्हा ते लहानपणी रडले होते. आपल्याला सोडवायला येण्याइतके बळ असलेले कोणीच नाही, हे त्या क्षणी कळले म्हणून. आठवण हलवून सोडणारी आहे. पण मग दिग्दर्शक चार्टर शाळेलाच सुपरमॅनच्या जागी बसवतात, आणि तिथून आमचे मतभेद सुरू होतात.

ही चार्टर शाळा म्हणजे काय ते आधी पाहू. चार्टर म्हणजे सनद. एखादी संस्था किंवा शिक्षकांचा गट सरकारी यंत्रणेशी ठरावीक मुदतीचा करार करतो आणि शाळा चालवतो. पैसा सरकारचा, दर विद्यार्थ्यामागे मिळणारा. फी घ्यायची नाही, प्रवेश परीक्षा घ्यायची नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. त्या बदल्यात शिक्षक कोणते नेमावेत, शाळा किती तास भरवावी, वेळापत्रक कसे आखावे यांत मोकळीक. मुदतीअखेर निकाल वाईट असेल तर सनद रद्द होऊ शकते. 'ही तर आपली अनुदानित शाळा झाली!' असे वाचकांच्या मनात आले असेल. साम्य आहेच. फरक असा, की आपल्याकडे अनुदानापाठोपाठ सेवाशर्ती, संचमान्यता, वेतनश्रेणी हे सगळे चालत येते. चार्टर शाळेला नेमकी अशाच पुष्कळशा नियमांतून सूट असते.

कल्पना रे बुडी नावाच्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांची. ती देशभर पोहोचवली अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ सालच्या एका भाषणातून. हे शँकर कोण? शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष! वर्गात शिकवणाऱ्यांना नवे काही करून पाहण्यासाठी मोकळी जागा मिळावी, त्यातून जे सापडेल ते बाकीच्या शाळांनी घ्यावे, असा त्यांचा हेतू. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. २०२१-२२ पर्यंत अशा शाळांची संख्या ७,८०० च्या आसपास आणि त्यांतल्या मुलांची ३७ लाखांच्या घरात गेली होती. शँकर मात्र या वाटेला लागलेले वळण पाहून पुढे तिचे टीकाकार झाले. पटात शिक्षक संघटना खलनायकाच्या जागी आहेत. कल्पनेचा प्रसार संघटनेच्याच अध्यक्षांनी केला होता ही गोष्ट प्रेक्षकाला नीट सांगितली असती, तर खलनायक उभा करणे जड गेले असते. आणखी एक गंमत. पट आदर्श म्हणून फिनलंडकडे बोट दाखवतो. फिनलंडमधले बहुतेक सगळे शिक्षक संघटनेचे सभासद आहेत!

तुलना कोणाशी?

अमेरिकेत 'संपादणुकीतील दरी' हा शब्दप्रयोग सतत कानांवर येतो. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांचे सरासरी गुण आणि गोऱ्या मुलांचे सरासरी गुण, किंवा गरीब घरांतल्या मुलांचे आणि सुस्थितीतल्या मुलांचे, यांतले अंतर म्हणजे ही दरी. मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार हे तिथे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते आणि शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. वस्ती गरीब असली की शाळाही हलाखीत, अशी ही साखळी आहे. चार्टर शाळेने ती तोडली, असा दावा.

समजा, अशाच एका वस्तीतल्या चार्टर शाळेची मुले गणितात शेजारच्या सरकारी शाळेच्या मुलांपेक्षा बरीच पुढे आहेत. शाळा चांगली म्हणायची का? कोणताही अनुभवी मुख्याध्यापक आधी विचारील, 'आली ती मुले कुठली?' ज्या आईने चौकशी करून, अर्ज मिळवून, मुदतीत भरून दिला, तिचे घरी अभ्यासाकडेही लक्ष असणार. ते मूल कुठेही गेले असते तरी पुढेच राहिले असते. मग श्रेय शाळेचे की आईचे?

यावर एक उपाय म्हणजे जोड्या लावणे. चार्टर शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी शेजारच्या सरकारी शाळांतून त्याच वयाची, त्याच वंशाची, तशाच आर्थिक स्थितीची आणि आधीच्या परीक्षेत तेवढेच गुण मिळवलेली मुले शोधायची आणि पुढच्या परीक्षेत कोण कुठे गेले ते पाहायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या 'क्रेडो' या संशोधन केंद्राने २००९ मध्ये देशभरातल्या चार्टर शाळांची अशी पाहणी प्रसिद्ध केली. गणितात १७ टक्के चार्टर शाळा सरकारी शाळांपेक्षा स्पष्टपणे सरस, ३७ टक्के स्पष्टपणे वाईट, उरलेल्या ४६ टक्क्यांत फरक नाही. माहितीपट याच्या पुढच्याच वर्षी आला. पाचांतली एकच चार्टर शाळा उत्तम निघते, असे एक वाक्य त्यात आहे. एकच वाक्य! ते येते आणि जाते, आणि पुढचा सगळा वेळ कॅमेरा त्या एकीतच रमतो. उरलेल्या चारांत काय चालले आहे हे पाहावेसे दिग्दर्शकांना वाटले नाही.

जोड्या लावण्याच्या पद्धतीत एक भोक राहतेच. वंश, उत्पन्न, गुण यांची जोडी लागेल. आईच्या तळमळीची जोडी कशी लावायची? ती कोणत्याही नोंदवहीत नसते.

इथे सोडत कामाला येते. शेतीच्या प्रयोगात कोणत्या वाफ्याला कोणते खत घालायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, हे रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडच्या शेतांवर काम करताना मांडले. आपण निवडू लागलो की हात नकळत चांगल्या जमिनीकडे वळतो. चिठ्ठीला जमीन ओळखता येत नाही. शाळेच्या सोडतीचेही तेच. सभागृहात बसलेल्या सगळ्याच आयांनी अर्ज भरला आहे, सगळ्याच तळमळीच्या आहेत. चेंडूला त्यांतली कोणती जास्त तळमळीची हे कळत नाही. म्हणून नाव लागलेली मुले आणि न लागलेली मुले हे दोन गट, संख्या पुरेशी असेल तर, सरासरीने सर्व बाबतींत सारखे असतात; मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्याही. पुढे त्यांच्या गुणांत फरक पडला तर तो शाळेमुळे.

ज्या आईचा क्रमांक निघाला नाही ती पटात रडते आणि प्रेक्षकही रडतो. कॅमेरा तिथे थांबतो. तिच्या मुलाचे पुढे काय झाले हे तो विचारत नाही. आणि विज्ञानाच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा साक्षीदार तेच मूल आहे! चार्टर शाळा नसती तर काय झाले असते हे त्याच्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

बॉस्टनमध्ये काय सापडले

सुदैवाने काही अर्थशास्त्रज्ञांनी हरलेल्या मुलांचा माग काढला. बॉस्टन शहरातल्या शाळांच्या सोडतींच्या जुन्या याद्या मिळवून त्यांतली नावे पुढच्या काही वर्षांच्या राज्य परीक्षांच्या निकालांशी जुळवली गेली. या गटात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक होते. (अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला, तो आपोआप घडणाऱ्या अशाच प्रयोगांतून कार्यकारण कसे काढावे यावरच्या कामासाठी.) अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा. माध्यमिक टप्प्याच्या खालच्या वर्गांत, म्हणजे साधारण सहावी ते आठवीत, बॉस्टनच्या चार्टर शाळेतल्या एका वर्षाने गणिताचे गुण जवळजवळ ०.४ प्रमाण विचलनाने वाढतात. भाषेत वाढ आहे पण याच्या निम्म्याच्या आसपास.

प्रमाण विचलन हा शब्द पाहून पान उलटू नये. शंभर मुलांची गुणानुक्रमे रांग लावली आणि आपले मूल बरोबर मध्यावर, पन्नासाव्या जागी उभे आहे असे समजा. ०.४ ची वाढ म्हणजे ते मूल पुढे सरकून पस्तिसाव्या जागेच्या आसपास पोहोचते. एका वर्षात. ज्यांनी वर्गात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम केले आहे त्यांना ही उडी केवढी मोठी आहे हे सांगायला नको. हा वेग दोनतीन वर्षे टिकला तर गणितातली वांशिक दरी बुजते, असे गणित मांडता येते. हार्लेममधल्या जेफ्री कॅनडा यांच्या प्रॉमिस अकॅडमीचा विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी केलेला अभ्यासही २०११ चाच. तिथेही सोडतीवरून हाच निष्कर्ष निघाला: गणितातली दरी बुजवण्याइतका परिणाम.

मग दिग्दर्शक बरोबर आणि आम्ही चूक?

इथेच थोडे थांबावे लागेल. बॉस्टनच्या त्याच अभ्यासात दुसऱ्या एका प्रकारच्या शाळा होत्या. त्यांना पायलट शाळा म्हणत. खर्च, वेळापत्रक, अभ्यासक्रम यांत त्यांनाही बरीच मोकळीक होती, पण शिक्षक संघटनेचे सभासद, आणि शाळा शहराच्या शिक्षण मंडळाकडेच. त्यांच्याही सोडती निघत. त्यांत नाव लागलेल्या मुलांना असा काही ठळक फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती मोकळीक पुरत नाही. मोकळीक वापरून काय केले ते महत्त्वाचे. संघटनेवर खापर फोडू पाहणाऱ्यांना हा पुरावा आपल्या बाजूचा वाटेल. त्यांनी पुढचा परिच्छेदही वाचावा.

२०१० मध्ये अमेरिकी शिक्षण खात्यासाठी झालेल्या एका अभ्यासात १५ राज्यांतल्या ३६ चार्टर शाळांच्या सोडती तपासल्या गेल्या. सरासरी परिणाम शून्याच्या आसपास. फोड केली तेव्हा चित्र बदलले. मोठ्या शहरांतल्या, गरीब मुलांच्या शाळांत फायदा; सुस्थितीतल्या मुलांच्या शाळांत तोटा. मॅसॅच्युसेट्समध्येही उपनगरांतल्या चार्टर शाळांचे असेच झाले. कायदा तोच, सनद तीच, संघटनेपासूनची सूटही तीच. तरी एकीकडे ०.४ ची उडी आणि दुसरीकडे घसरण. मग सनदीला श्रेय द्यायचे कशाचे? सनद ही बरणीवरची चिठ्ठी आहे. आत मुरांबा आहे की मीठ, ते तिच्यावरून कळत नाही.

'क्रेडो'ची २०२३ मधली पाहणी सांगते की देशभरची सरासरी आता चार्टर शाळांच्या बाजूने झुकली आहे: वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी जादा प्रगती. गुणांचे असे दिवसांत रूपांतर करणे आम्हाला फारसे आवडत नाही, कारण त्यामुळे लहान फरकही डोळ्यांत भरतो. १८० दिवसांच्या वर्षात ६ दिवस म्हणजे तिसावा हिस्सा. त्यातही सरासरीच्या पोटात काय दडले आहे पाहा: पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांतली मुले याच पाहणीत गणितात १२४ दिवसांनी मागे होती. त्यांच्याही भिंतीवर (भिंत असलीच तर) चार्टर हीच पाटी.

बरणीच्या आत

काम करणाऱ्या शाळांत नेमके काय असते? डॉबी आणि फ्रायर यांनी न्यूयॉर्कमधल्या ३९ चार्टर शाळांत जाऊन याचा शोध घेतला (२०१३). वर्गातली पटसंख्या, दर मुलामागचा खर्च, शिक्षकांच्या पदव्या, प्रमाणपत्रे, अशा नेहमी मोजल्या जाणाऱ्या गोष्टींचा शाळेच्या परिणामकारकतेशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो पाच गोष्टींशी. शिक्षकाच्या तासाला वारंवार बसून त्याला लगेच सूचना देणे; लहान लहान चाचण्यांवरून पुढचे शिकवणे ठरवणे; मोजक्या मुलांना रोजच्या रोज, जवळ बसवून शिकवणी; शाळेचे जादा तास आणि दिवस; आणि प्रत्येक मुलाकडून मोठी अपेक्षा. शाळाशाळांतल्या फरकाचा सुमारे ४५ टक्के भाग या पाचांवरून उलगडला.

यांत जादू कोणती? आपल्यातल्या जुन्या मुख्याध्यापकांना हे पाठ असेल. पाठनिरीक्षण, घटक चाचणी, मागे पडलेल्यांसाठी जादा तास, यांना आपल्याकडे नावे आहेत, नोंदवह्या आहेत. फरक नावात नाही, मात्रेत आहे. वर्षातून दोनदा शेरा लिहून जाणारे निरीक्षण आणि दर आठवड्याला मागच्या बाकावर बसून 'हा प्रश्न त्या कोपऱ्यातल्या मुलाला का विचारला नाही?' असे त्याच दिवशी विचारणारे निरीक्षण, ही दोन वेगळी औषधे आहेत.

संबंध आढळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे फ्रायर यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी पुढची पायरी घेतली. २०१०-११ पासून टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात अत्यंत मागे पडलेल्या २० सरकारी शाळांत याच पाच गोष्टी रुजवून पाहिल्या. सनद नाही, सोडत नाही, शाळा शहराच्याच. बहुतेक मुख्याध्यापक आणि जवळजवळ निम्मे शिक्षक बदलले, दिवस लांबवला, ठरावीक इयत्तांत एका शिकवणाऱ्यापुढे दोन-तीन मुले अशी गणिताची शिकवणी रोज ठेवली. गणितात वर्षाला ०.१५ ते ०.१८ प्रमाण विचलनाची वाढ झाली. आपल्या शंभरांच्या रांगेत पन्नासावरून चव्वेचाळिसाच्या आसपास. वाचनात जवळजवळ काहीच नाही. बॉस्टनच्या मानाने हे कमी आहे, पण सरकारी शाळेत सरकारी व्यवस्थेत मिळवलेले आहे. आमच्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत मोलाचा प्रयोग. शँकर यांना १९८८ मध्ये जे हवे होते ते हेच: वेगळ्या शाळेत सापडलेले सगळ्यांच्या शाळेत नेणे. त्यावर मात्र कोणी चित्रपट काढला नाही.

शिकवणीची गोष्ट आपल्याला परकी नाही. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच तरुण मुली, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला घेऊन रोज दोन तास अक्षरओळख आणि अंकगणित शिकवायच्या. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले असल्याने परिणाम मोजता आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००७ मध्ये आला. पहिल्या वर्षी ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८ इतकी वाढ, आणि तीही मुख्यतः सर्वांत मागे असलेल्या मुलांमुळे. बालसखी गेल्यानंतर एका वर्षाने तपासले तेव्हा ही वाढ ०.१ च्या आसपास उतरली होती. बालसखींना फार कमी मानधन होते, हेही इथे नोंदवायला हवे. हा प्रकार स्वस्तात झाला याचे कौतुक करताना स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली ते विसरू नये.

सोडत काय सांगत नाही

सोडतीची साक्ष खरी असते, पण मर्यादित असते. ज्या शाळेला जागांपेक्षा जास्त अर्ज येतात तिथेच सोडत निघते. ओस पडलेल्या शाळांविषयी ती मुकी आहे. शिवाय ती अर्ज करणाऱ्यांपुरतेच बोलते. ज्यांनी अर्जच केला नाही त्या मुलांचे काय?

याचे उत्तर अनपेक्षित जागेवरून आले. बॉस्टन आणि न्यू ऑर्लिन्समध्ये काही पडक्या सरकारी शाळा चार्टर संस्थांच्या हवाली झाल्या. आत बसलेली मुले अर्ज न करता, जागच्या जागी चार्टर शाळेची विद्यार्थी झाली. त्यांचीही प्रगती झाली, आणि बॉस्टनमध्ये ती सोडतीतल्या मुलांइतकी होती (२०१६). फक्त तळमळीच्या आयांच्या मुलांनाच फायदा होतो, हा आक्षेप इथे बराच सैल पडतो. आणि क्रिस्टोफर वॉल्टर्स यांनी २०१८ मध्ये दाखवले ते तर मनाला टोचणारे आहे: बॉस्टनमध्ये ज्या मुलांना चार्टर शाळेचा सर्वांत जास्त फायदा झाला असता, म्हणजे जी सर्वांत मागे होती, त्यांच्याच घरून अर्ज कमी येतात. सोडत सर्वांना समान संधी देते असे म्हणतो तेव्हा आपण सभागृहात आलेल्यांविषयीच बोलत असतो.

दुसरा आक्षेप गळतीचा. जड जाणारी मुले शाळा हळूच बाहेर काढते आणि उरलेल्यांचे निकाल मिरवते. हा आक्षेप हवेतला नाही. न्यूयॉर्कमधल्या सक्सेस अकॅडमीच्या ब्रुकलिनमधल्या एका शाखेत 'जायलाच हवीत' अशा १६ मुलांची यादी केली होती, हे २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले. चांगल्या सोडत-अभ्यासात यावर एक बंदोबस्त असतो. तुलना शाळेत टिकलेल्यांशी नव्हे, नाव लागलेल्या सर्वांशी केली जाते. अर्ध्यावर दाखला घेऊन गेलेले मूलही जिंकलेल्यांच्याच बाजूला मोजले जाते. त्यामुळे बॉस्टनचे आकडे गळतीने फुगलेले नाहीत. पण शाळेने स्वतः छापलेल्या निकालपत्रकाला हा बंदोबस्त नसतो. आणि ज्या मुलाला दाखला घ्यायला लावले त्याचे दुःख कोणत्याच सरासरीत उमटत नाही.

तिसरा, आमच्या लेखी सर्वांत गंभीर. या यशस्वी शाळांतल्या बऱ्याच 'सबबी चालणार नाहीत' या पंथाच्या: रांगेत मुकाट चालणे, गणवेशाची बारीक तपासणी, लहानशा चुकीला शिक्षा. १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालेल्या 'किप' या सर्वांत नावाजलेल्या संस्थेचे 'वर्क हार्ड, बी नाइस' हे ब्रीद होते. कृष्णवर्णीय मुलांना मुकाट वागायला शिकवणे म्हणजे शिक्षण नव्हे, अशी टीका आतून-बाहेरून झाली आणि २०२० मध्ये संस्थेने ते ब्रीद सोडून दिले. गुण वाढवायला ही शिस्त लागते का? वरच्या पाच गोष्टींच्या यादीत ती नाही. ह्यूस्टनच्या सरकारी शाळांतली वाढ शिकवणीतून मोठ्या प्रमाणावर आली. मुलाला गप्प बसवून नव्हे, त्याच्याशी जास्त बोलून.

पटाला तर शिकवणे म्हणजे काय हेच फार सोपे वाटते. त्यातल्या एका व्यंगचित्रपट्टीत शिक्षक मुलांची डोकी झाकणासारखी उघडून त्यांत ज्ञान ओततो. विनोद म्हणून घ्यावे, तर बाकीचा पट त्याच समजुतीवर उभा आहे: चांगला शिक्षक भरपूर ओततो, वाईट शिक्षक सांडतो, संघटना सांडणाऱ्याला वाचवते. मूल त्यात काय करते?

गुणांच्या पलीकडे काय होते याविषयीही थोडे हाती आहे. बॉस्टनच्या चार्टर शाळांतून गेलेली मुले दोन वर्षांच्या महाविद्यालयांऐवजी चार वर्षांच्या महाविद्यालयांत जास्त जातात. टेक्सासमध्ये डॉबी आणि फ्रायर यांनी मुले मोठी होऊन कमवू लागेपर्यंत माग ठेवला (२०२०). कडक शिस्तीच्या चार्टर शाळांनी गुण वाढवले, महाविद्यालयप्रवेश वाढवले; कमाईत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. बाकीच्या चार्टर शाळांत गुणही घटले आणि कमाईही. गुणांची दरी बुजली की आयुष्याची दरी बुजते, हे गृहीत धरून पट संपतो. ते गृहीतच आहे.

न्यू ऑर्लिन्स शहरात २००५ च्या कॅटरिना वादळानंतर सात हजारांहून जास्त शाळा-कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले आणि हळूहळू जवळजवळ सगळ्याच शाळा चार्टर झाल्या. गुण वाढले, हे तिथले संशोधक सांगतात. वर्गात उभ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय शिक्षकांचे प्रमाण मात्र पुष्कळ घटले. ज्यांच्या मुलांसाठी हे सारे, त्यांच्याच घरातल्या पगारी नोकऱ्या गेल्या. हा जमाखर्च कोणत्या वहीत मांडायचा? २०२४ मध्ये त्या शहराच्या शिक्षण मंडळाने पुन्हा स्वतःची एक शाळा उघडली.

आपल्याकडेही आता सोडती निघतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी महाराष्ट्रात ऑनलाइन सोडत होते, आणि वर्तमानपत्रांत जिंकलेल्यांची संख्या येते. हरलेल्यांना विचारल्यास काय ऐकू येऊ शकते याचा एक नमुना आंध्र प्रदेशात मिळाला. पाच जिल्ह्यांतल्या गावांत सरकारी शाळेतल्या मुलांना सोडतीने खासगी शाळेची फी देण्यात आली आणि कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी दोन्ही गटांचा चार वर्षे माग ठेवला (२०१५). खासगी शाळेत गेलेल्या मुलांचे तेलुगू आणि गणिताचे गुण सरकारी शाळेतल्या मुलांइतकेच निघाले. हिंदीत मात्र ती बरीच पुढे होती. कारण वेळापत्रकात सापडले: खासगी शाळा तेलुगू आणि गणिताला कमी तासिका देत होत्या, आणि वाचलेल्या तासिका इंग्रजीला व हिंदीला. दर मुलामागचा त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. त्याचे मोठे कारण त्यांच्या शिक्षकांचे पगार.